कॉपी खराब नाहीये, कोयुकीचा आवाज मुद्दामच काढलाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही 'बेक' या एका बँडवरच्या जपानी मंगाचे, म्हणजे चित्रकथेचे, 34 च्या 34 खंड वाचलेत, मग त्यावरचा, खरे नट घेतलेला 2010 चा लाइव्ह अ‍ॅक्शन सिनेमा लावलात, आणि त्या बँडचा गायक कोयुकी माइकपुढे येऊन तोंड उघडतो तेव्हा त्याचा आवाजच येत नाही. गिटार चालू, ड्रम चालू, पोरगा मात्र मुका. तुम्ही हेडफोन बदललेत, मग टीव्हीवर लावून बघितलंत, तरी तेच. आता तुम्ही विचारताय की कॉपी खराब आहे का, आणि नसेल तर ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का, आणि कॉलेजच्या बँडमधल्या पोरांना हा दाखवायचा का.

मी सिनेमाच्या साऊंडचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, बहुतेक वेळ मिक्सिंगच्या खोलीत अंधारात बसून जातो. त्यामुळे पहिलं उत्तर सोपंय. तुमचा टीव्ही, हेडफोन, कॉपी, सगळं ठणठणीत आहे.

पण नुसतं माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच तपासून बघा. शंका बरोबरच होती तुमची, कारण असा बिघाड खरंच होतो. 5.1 मध्ये, म्हणजे समोर-मागे मिळून सहा चॅनलमध्ये, मिक्स केलेल्या सिनेमात संवाद मधल्या चॅनलवर असतात, गायकाचा आवाजही बहुतेक तिथेच असतो, आणि साध्या दोन स्पीकरच्या टीव्हीने ते मधलं चॅनल नीट मिसळून घेतलं नाही तर माणसं मुकी होतात आणि मागचं म्युझिक मात्र जोरात वाजत राहतं. अगदी तुम्ही सांगितलंत तसंच. फरक एवढाच की तसं झालं तर सगळ्यांचेच संवाद जातात. तुमच्याकडे कोयुकी गाण्याआधी बोलतो ते ऐकू येतं ना? बँडमधल्या दुसर्‍या गायकाचं, चिबाचं, रॅप ऐकू येतं ना? मग मधलं चॅनल जिवंत आहे. फक्त एका माणसाचा आवाज, तोही फक्त गातानाचा, जात असेल तर ते कुणीतरी हाताने केलंय. आणि हे नुसतं क्लायमॅक्सपुरतं नाही, आख्ख्या सिनेमात कोयुकीचं गाणं एकदाही ऐकू येत नाही.

आता का केलं. इथे खरा प्रश्न आवाजाचा नाहीच, गोष्टीने आवाजाबद्दल काय कबूल करून ठेवलंय त्याचा आहे.

हॅरोल्ड साकुइशींनी हा मंगा 1999 ते 2008 लिहिला-काढला. त्यातला कोयुकी म्हणजे एक साधा, जरा बावळट वाटणारा शाळकरी पोरगा, एका ठिगळं लावल्यासारख्या विचित्र कुत्र्याला वाचवतो आणि त्यापायी गिटारवाल्या र्‍युसुकेच्या बँडमध्ये जाऊन पडतो. गिटार तो घासून घासून शिकतो, पण गळा मात्र त्याला जन्मजात मिळालाय, आणि तो गळा असा की ऐकणारे जागच्या जागी थांबतात. लेखकाने हे पानोपानी सांगितलंय. म्हणजे वाचकाला कबूल काय केलं? 'असा आवाज तुम्ही आयुष्यात ऐकलेला नाही.' आणि वाचकाने ते मान्यही केलं, कारण कागदावर मान्य करायला काहीच लागत नाही. तुमच्या डोक्यात एक आवाज आहे, माझ्या डोक्यात दुसरा, आणि दोन्ही बिनचूक आहेत.

सिनेमावाल्याला मात्र एक गळा आणावा लागतो. आणि तो आणला की आपण दोघंही म्हणणार, हां, बराय, पण हा तो नाही.

याच जातीच्या, म्हणजे गाण्याबजावण्याच्या मंगावरून काढलेल्या, बाकीच्या सिनेमांनी काय केलं ते बघा, मग 'बेक'ची अडचण नीट दिसते. 'नाना' 2005 चा. तिथे नाना ओसाकीच्या भूमिकेत मिका नाकाशिमालाच घेतलं, जी आधीपासून नावाजलेली गायिका. गाण्याचे शब्द मंगा काढणार्‍या आई याझावांचे, चाल लार्क-ऑन-सिएल या बँडच्या हाइडची, आणि ते गाणं, 'ग्लॅमरस स्काय', ओरिकॉनच्या, म्हणजे जपानच्या रेकॉर्ड विक्रीच्या, यादीत पहिल्या नंबरला गेलं. तिथे कबूल केलेली गोष्ट होती रुबाब. स्टेजवर उभी राहिली की नजर हटू नये. ते दाखवता येतं, विकतही घेता येतं, चांगली गायिका आणा, काम झालं. 'डेट्रॉइट मेटल सिटी' 2008 चा, त्यात केनिची मात्सुयामा चेहरा रंगवून डेथ मेटल किंचाळतो, समोर चक्क किस बँडचा जीन सिमन्स येऊन उभा राहतो. तिथे आवाज भयंकर असणं हाच विनोद. मिक्सिंगवाल्याची चंगळ.

आणि मग 'सोलानिन', तोही 2010 चाच, एप्रिलमधला, 'बेक' सप्टेंबरमधला. इनिओ आसानोच्या दोन खंडांच्या मंगावरून. यात आओई मियाझाकी शेवटी गिटार घेऊन माइकपुढे येते (हीच पाच वर्षांपूर्वी 'नाना'मध्ये त्याच नावाची दुसरी मुलगी होती, बँडच्या बाहेरची, ऐकणारी. मला हा योगायोग फार आवडतो). गाण्याचे शब्द मंगात आधीच होते, त्याला चाल लावली एशियन कुंग-फू जनरेशन या बँडच्या मासाफुमी गोतोने. बास गिटार वाजवणारं पात्र म्हणून खरा बासिस्टच घेतला, सांबोमास्टर बँडचा. आणि ड्रमवर कोण, तर केंटा किरितानी, जो त्याच वर्षी 'बेक'मध्ये चिबा झाला. तर मियाझाकीचा आवाज काही ग्रेट नाही. वर जाताना ताणला जातो, श्वास कमी पडतो. आणि त्यामुळेच तो सीन अंगावर येतो, कारण ती मुलगी गायिका नाहीच, ऑफिसची नोकरी सोडलेली साधी मुलगी आहे, आणि गोष्टीने तिच्या गळ्याबद्दल काहीच कबूल केलेलं नाही. जे मिळतं ते सगळं वरचं.

'बेक'ने मात्र चमत्कार कबूल केलाय. चमत्कार रेकॉर्ड कसा करायचा?

याच मंगावरच्या 2004-05 च्या 26 भागांच्या कार्टून मालिकेने, म्हणजे अ‍ॅनिमेने सरळ आवाज दिला, शेवटच्या फेस्टिव्हलला बीटल्सचं 'आय हॅव गॉट अ फीलिंग' म्हणवून घेतलं. चाललं ते. पण अ‍ॅनिमेतला चेहरा मुळात काढलेला असतो, त्यामुळे आवाज उसना असला तरी आपण तो त्या चेहर्‍याचाच धरतो. खर्‍या नटाच्या बाबतीत तसं होत नाही, कोयुकी झालेल्या ताकेरु सातोचा बोलण्याचा आवाज आपण दोन तास ऐकलेला असतो, त्याचा पोत कानात बसलेला असतो. तिथे अचानक दुसरा गळा आला की कान लगेच पकडतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर शंभरातल्या नव्व्याण्णव सिनेमांत दुसराच गळा असतो. बरोबर, आणि तिथेच आपल्या प्रेक्षकाचा अंदाज जपानी सिनेमाला लावता येत नाही. आपण प्लेबॅकवरच वाढलोय. 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे ओठ हलवतो आणि आनंद भाटे गातात हे आख्ख्या थिएटरला माहीत असतं आणि कुणाला खटकत नाही, उलट भाटेंना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. आणि तिथे तर कबूल केलेली गोष्ट 'बेक'पेक्षाही मोठी, कारण बालगंधर्व खरे होऊन गेले, त्यांच्या रेकॉर्डी आहेत, घरोघरी ऐकलेल्या. पण तोच तर फायदा. ऐकणार्‍याला काय यायला हवं ते ठाऊक असतं, गायकाला कुठे पोचायचं ते ठाऊक असतं. कोयुकीची रेकॉर्ड नाहीये ना. कुठे पोचायचं तेच माहीत नाही.

कागदावर हे कसं जमतं त्याचंही एक तांत्रिक कारण आहे. मंगात गाणं वाजत असतं तेव्हा वेळ तुमच्या बोटात असतो. दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, त्यावर एकही फुगा नाही, गर्दीचे चेहरे, उघडं तोंड. त्या पानावर तुम्ही तीन सेकंद थांबलात की तीन मिनिटं, तुमची मर्जी. सिनेमात चार मिनिटांचं गाणं म्हणजे चार मिनिटं. नुसता चमत्कार चार मिनिटं टिकत नाही, त्यात कडवं येतं, मधला म्युझिक पीस येतो, पुन्हा धृपद येतं. दिग्दर्शक युकिहिको त्सुत्सुमींनी आवाज काढून टाकला तेव्हा ते खरं तर कागदासारखंच करायला बघत होते, पान कोरं सोडायला बघत होते.

मला हे इतकं नीट का दिसतं, तर मी स्वतः हा उद्योग केलाय आणि तोंडावर आपटलोय.

काही वर्षांपूर्वी एक छोटा मराठी सिनेमा होता, नाव सांगत नाही. त्यात एक दहा-बारा वर्षांचा पोरगा, आजोबांच्या कीर्तनात एकदाच गातो आणि देऊळ गप्प होतं. स्क्रिप्टमध्ये एवढंच लिहिलेलं, 'तो गातो. सगळे गप्प.' लेखकाचं काय जातंय लिहायला. आम्ही तीन पोरांकडून तो अभंग गाऊन घेतला, तिघंही सुरेल, एक तर खरंच फार गोड गळ्याचा. दिग्दर्शक प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "चांगला गातो हो. पण हा तो नाही." तिसर्‍या वेळी मीच वैतागून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला आणि म्हटलं, मग हा घ्या. आणि खोलीत सगळे खूश. वा, काय शांतता, काय आयडिया.

पहिल्या ट्रायलला पाच माणसं बोलावली होती. पोराने तोंड उघडलं, आवाज गेला, आणि पाचांपैकी चौघांनी पडद्याकडे नाही, वळून माझ्याकडे बघितलं. एक जण म्हणाला, "दादा, केबल." पोराकडे कुणी बघतच नव्हतं हो. आमच्या शांततेचा अर्थ त्यांच्यासाठी 'बिघाड' एवढाच होता.

मग बसून विचार केला तेव्हा कळलं की मी आवाज अगदी पहिल्या शब्दावर कापला होता, आणि खाली पूर्ण शून्य ठेवलं होतं. शून्य म्हणजे खरंच काही नाही, रूम टोन, म्हणजे रिकाम्या जागेचा बारीक आवाज, तोही नाही. असलं शून्य निसर्गात नसतंच, रिकाम्या देवळातही हवेचा एक हूं असतो, त्यामुळे कान शून्याला शांतता मानत नाही, बंद पडलेलं मशीन मानतो. दुसरं म्हणजे प्रेक्षकाला आधी काही सांगितलंच नव्हतं की आता असं होणारे.

मग असं केलं. आवाज गाण्यावर कापायच्या ऐवजी चारेक सेकंद आधीपासून देऊळ हळूहळू रिकामं करायला घेतलं. आधी बाहेरच्या चिमण्या गेल्या, मग बायकांची कुजबुज, मग मृदुंगाचा तळ. टाळ ठेवले, पण लांबचे, भिंतीपलीकडून आल्यासारखे. पोर गायला लागायच्या आधी श्वास घेतं ना, तो श्वास ठेवला, चांगला मोठा ठेवला, आणि तो बरोबर यावा म्हणून सगळ्या टेकमधले श्वास काढून एकेक लावून बघितले, एक फ्रेम मागे, दोन फ्रेम पुढे. शेवटी बसला तो भलत्याच टेकमधला, पोराला थंडी वाजत होती तेव्हाचा, जरा थरथरता. श्वास झाला, तोंड उघडलं, आणि मग काही नाही. फक्त समईच्या ज्योतीची अगदी बारीक फडफड आणि पुढे बसलेल्या आजींच्या बांगड्या एकदा वाजतात. तेवढंच. आधी हे दोन मिनिटं होतं, कापत कापत 38 सेकंदांवर आणलं. पुढच्या ट्रायलला कुणी मागे वळलं नाही.

तरीही एका तालुक्याच्या गावच्या थिएटरातून पहिल्याच दिवशी फोन. ऑपरेटर काका म्हणाले, गाण्यात आवाज जातोय म्हणून मी फेडर सातवरून नऊवर नेला, तरी येईना. आणि 38 सेकंद संपल्यावर देवळात एकदम विठ्ठलाचा गजर सुरू होतो. तो नऊवर ऐकलेल्या पब्लिकची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

तर या अनुभवातून 'बेक'कडे बघतो तेव्हा मला ती आयडिया चुकीची वाटत नाही, फसवणूक तर मुळीच नाही. खोटा चमत्कार ऐकवण्यापेक्षा चमत्कार झाकून ठेवणं जास्त इमानदार आहे. माझं भांडण अंमलबजावणीशी आहे.

एक तर तिथे शांतता नाहीच. बँड वाजतोय, मागे म्युझिक वाजतंय, फक्त गायक काढलाय. गायक काढलेल्या ट्रॅकला आपले ऑर्केस्ट्रावाले काय म्हणतात? मायनस ट्रॅक. आणि जगभर त्याला जो शब्द आहे तो तर जपानीच, कराओके, म्हणजे शब्दशः 'रिकामा ऑर्केस्ट्रा'. गंमत बघा, ज्या देशाने हा शब्द दिला तिथल्या प्रेक्षकाला तुम्ही गायकाची जागा मोकळी ठेवलेला ट्रॅक ऐकवताय, त्याला दिव्य आवाजाचा भास होईल की स्वतः माइक उचलावासा वाटेल? बाकी सगळं वाजत असताना एकच गोष्ट नसली तर ती जागा गूढ वाटत नाही, नुसती मोकळी वाटते. सगळंच मागे गेलं असतं, गिटार लांबून, पाऊस लांबून, तर ती कोयुकीच्या डोक्यातली शांतता वाटली असती.

दुसरं, हे एकदा करायचं काम होतं. पहिल्या वेळी मला खरंच काटा आला होता, कारण समोरचे चेहरे काय ऐकतायत ते शोधायला मी पुढे झुकलो. दुसर्‍या वेळी मला माहीत होतं. आणि क्लायमॅक्सला, ज्याच्यासाठी जवळजवळ अडीच तास बसलो, तिथे मी पोरगा तोंड उघडायच्या आधीच हिशोब करत होतो की आता आवाज जाणार. शिवाय आवाजाच्या जागी पडद्यावर जी दृश्यं येतात ती मला सांगायला लागतात की मी काय वाटून घ्यायचं. अरे, रिकामी जागा ठेवलीये ना, मग ठेवा की रिकामी.

तिसरं जरा खवचटपणे म्हणतो. सिनेमाच्या सुरुवातीला रेड हॉट चिली पेपर्सचं 'अराउंड द वर्ल्ड' आहे आणि शेवटी ओएसिसचं 'डोन्ट लुक बॅक इन अँगर'. दोन्ही गाणी जबरदस्त, हक्क मिळवणं सोपं नसणार. पण नायकाचा आवाज दोन-अडीच तास झाकून ठेवलात आणि मग लगेच लाउडस्पीकरवर ओएसिसचा नोएल गॅलाघर लावलात, तर माझ्या कानात शेवटी कोण राहणार? तोच. कोयुकीसाठी मोकळी ठेवलेली खुर्ची शेवटच्या पाच मिनिटांत पाहुण्याला दिली.

हां, एक कबूल करायला हवं. हे सगळं कोण बघतंय त्यावर खूप अवलंबून आहे. तुम्ही मंगा वाचलाय, तुमच्या डोक्यात आवाज तयार होता, तरी तुम्ही चिडलात, आणि मी ओळखतो असे वाचक की ज्यांना नेमकं हेच आवडलं, कारण सिनेमाने त्यांच्या डोक्यातल्या आवाजाला हात लावला नाही. ज्याने काहीच वाचलेलं नाही त्याच्या डोक्यात आवाजच नाही, त्याच्यासाठी जागा भरणार कशाने? आणि कुठे बघताय तेही आहेच. थिएटरात शेजारी लोक गप्प असतात तेव्हा ती शांतता भरीव होते, घरी पंखा चालू असतो, कुकरची शिट्टी होते, शांतता कसली आलीये. शक्य असेल तर तो क्लायमॅक्स एकदा रात्री, दिवे घालवून, हेडफोन लावून बघा आणि कोयुकीच्या तोंडाकडे न बघता गर्दीकडे बघा. मला तसा बघितल्यावर बराच बरा वाटला.

बँडच्या पोरांचं म्हणाल तर दाखवा की. वाद्यं वाजवणार्‍यांना त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे, बँड कसा जमतो, कसा फुटतो, रिहर्सलला जागा कशी मिळत नाही, हे कुठल्याही गावच्या बँडला ओळखीचं वाटेल. फक्त दोन गोष्टी करा. आधी एका संध्याकाळी 'सोलानिन' दाखवा, शेवटच्या गाण्यासकट, आणि मग दुसर्‍या दिवशी 'बेक', म्हणजे एकाच वर्षात एकाने आवाज दिला आणि दुसर्‍याने काढून घेतला यावर पोरं आपसात भांडतील, आणि बँडला असलं भांडण चांगलं असतं. आणि दुसरं, 'बेक' लावायच्या आधी त्यांना आवाजाचं काहीही सांगू नका, पण रिमोट आपल्याकडे घेऊन ठेवा. नाहीतर कोयुकीने तोंड उघडलं की त्यातला कुणीतरी एक, बहुतेक ड्रमर, आवाज वाढवणार, आणि मग पुढच्या सीनला शेजारचे दार वाजवणार.